शालेय ग्रंथालयांसाठी सॉफ्टवेअरची निवड : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

संस्थेच्या मुंबईतील सातही शाळांच्या ग्रंथालयांसाठी एकच सॉफ्टवेअर घ्यावे, असा ठराव कार्यकारी मंडळाने मंजूर केला असून निवडीचे काम ग्रंथपालांच्या समितीकडे सोपवले आहे. समितीच्या कामाच्या नोंदी ठेवण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा किमान दोन शाळांतील पुस्तकांची देवघेव नव्या प्रणालीवर सुरू झालेली असावी, अशी सचिवांची अपेक्षा आहे.

आजच्या बैठकीत प्रत्येक शाळेची सद्यःस्थिती लिहून घेतली. दादर आणि विलेपार्ले येथे पूर्णवेळ ग्रंथपाल आहेत. गिरगाव, गोरेगाव, घाटकोपर आणि मुलुंड येथे अर्धवेळ ग्रंथपालांवर काम चालते, तर परळच्या शाळेत पद रिक्त असल्यामुळे मराठीच्या बाई आपले तास सांभाळून ग्रंथालय पाहतात. दादरला एका खाजगी कंपनीचे जुने सॉफ्टवेअर आहे, मुलुंडला एक्सेलमधील यादी आहे आणि उरलेल्या पाच ठिकाणी दाखल नोंदवही (आलेले प्रत्येक पुस्तक क्रमाने लिहून ठेवण्याची वही) हाच एकमेव आधार आहे. बैठकीत सुरुवातीलाच कोणते सॉफ्टवेअर चांगले यावर चर्चा रंगली. माझे मत मी तेव्हाच नोंदवले : परळच्या बाईंना मधल्या सुट्टीत जे चालवता येणार नाही, ते आपल्या उपयोगाचे नाही, मग त्याच्या माहितीपत्रकात काहीही लिहिलेले असो.

१३ जानेवारी २०२५

गिरगाव, परळ आणि मुलुंड येथील दाखल नोंदवह्या प्रत्यक्ष पाहिल्या. गिरगावची सर्वांत जुनी नोंदवही कापडी बांधणीची आहे. दाखल क्रमांक, दिनांक, ग्रंथकर्ता, ग्रंथनाम, प्रकाशक, किंमत, बिल क्रमांक आणि शेरा असे तिचे रकाने आहेत. किमतीच्या रकान्यात रुपये, आणे आणि पै असे तीन पोटरकाने छापलेले असून १९५७ मध्ये दशमान नाणेपद्धती आल्यानंतरही पुढची बरीच पाने त्याच रकान्यांत नवे पैसे लिहून भरलेली आहेत. शेऱ्याच्या रकान्यात तांबड्या शाईने ‘बाद’, ‘बांधणीस दिले’, ‘हरवले, किंमत वसूल’ अशा नोंदी आहेत. ग्रंथालयाचा खरा इतिहास या शेवटच्या रकान्यात आहे. नोंदणीचे काम बाहेर दिले की हाच रकाना सर्वांत आधी गाळला जातो, हे ध्यानात ठेवून तो नव्या प्रणालीत कोठे बसणार, हा प्रश्न प्रत्येक विक्रेत्याला विचारायचे ठरवले.

दोन गोष्टी या पाहणीतून पुढे आल्या. पहिली म्हणजे प्रत्येक शाळेची दाखल नोंदवही १ पासून सुरू होते. त्यामुळे १२५० या क्रमांकाचे पुस्तक सातही शाळांत आहे आणि परळला तर देणगीच्या पुस्तकांची वेगळी वही असल्याने तेथे ते दोनदा आहे. सातही शाळा एका प्रणालीत आणायच्या असतील तर बारकोड सर्वत्र वेगळा असावा लागेल. दाखल क्रमांक मात्र बदलता येणार नाहीत, कारण लेखापरीक्षणात आणि निर्लेखनाच्या, म्हणजे पुस्तके बाद करण्याच्या, प्रस्तावात तेच क्रमांक विचारले जातात. शाळेचे सांकेतिक अक्षर, नोंदवहीचे अक्षर आणि मूळ दाखल क्रमांक यांपासून बारकोड तयार करावा, हा विलेपार्ल्याच्या ग्रंथपालांचा प्रस्ताव सर्वांना पटला.

दुसरी गोष्ट शुद्धलेखनाची. १९६२ च्या लेखननियमांपूर्वीच्या नोंदींत अनुच्चारित अनुस्वार आहेत. ‘कांही’, ‘नांव’, ‘मुलें’ असे शब्द ग्रंथनामांत जागोजागी येतात. आतल्या शीर्षकपृष्ठावर जसे छापले आहे तसेच ग्रंथनाम नोंदवावे, हा तालिकीकरणाचा (पुस्तकांची शोधयादी, म्हणजे तालिका, तयार करण्याचा) नियम आहे आणि तो पाळायलाच हवा. तथापि सहावीतला मुलगा ‘काही’ असेच लिहून शोधणार. नोंद जुन्या लेखनात आणि शोध नव्या लेखनात, अशी सांगड घालण्यासाठी ग्रंथनामाचे पर्यायी रूप नोंदवण्याची सोय हवी. मार्क २१ या संगणकीय ग्रंथनोंदींच्या प्रमाणित नोंदपद्धतीत त्यासाठी २४६ हे क्षेत्र आहे. म्हणून मार्क २१ पूर्णपणे हाताळणारी प्रणाली हवी, ही पहिली अट कागदावर आली.

२४ जानेवारी २०२५

पर्यायांची पहिली छाननी केली. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे सोल हे महाविद्यालये व विद्यापीठे डोळ्यांसमोर ठेवून घडवलेले आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे ई-ग्रंथालय मुख्यतः शासकीय ग्रंथालयांसाठी आहे. आपली संस्था खाजगी अनुदानित असल्यामुळे या दोन्हींचा विचार सध्या बाजूला ठेवला. व्यापारी प्रणालींपैकी तीन कंपन्यांना प्रात्यक्षिकासाठी पत्रे पाठवली. मुक्त स्रोत, म्हणजे ज्यांचा मूळ संगणकीय मजकूर सर्वांना खुला असतो अशा, प्रणालींपैकी कोहा, एव्हरग्रीन आणि न्यूजेनलिब यांची माहिती काढली.

कोहा १९९९ मध्ये न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टसाठी तयार झाले आणि २००० च्या आरंभी तेथे वापरात आले. जुनी प्रणाली वर्ष २००० ची तारीख हाताळू शकणार नाही, या अडचणीतून एका लहान ग्रंथालयाने स्वतःसाठी करवून घेतलेले हे काम आज जगभर वापरले जाते. त्याच्या नव्या आवृत्त्या दरवर्षी मे आणि नोव्हेंबरमध्ये येतात. एव्हरग्रीन अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या जाळ्यासाठी उभारले गेले आणि २००६ पासून चालू आहे. अनेक शाखांच्या ग्रंथालयांसाठी ते उत्तम असले, तरी मुंबईत ते सांभाळून देणारे लोक आम्हाला मिळाले नाहीत. कोहा सांभाळणारे मिळाले. न्यूजेनलिबचे मूळ हैदराबादचे आहे, पण सात शाखांच्या कामासाठी आम्हाला त्याहून मोठा वापरकर्ता समूह पाठीशी हवा होता.

५ फेब्रुवारी २०२५

दादरच्या जुन्या सॉफ्टवेअरमधील नोंदी बाहेर काढून पाहिल्या. इतके दिवस आम्ही समजत होतो की दादरचे काम सर्वांत सोपे आहे, कारण तेथे संगणकावर नोंदी आधीच आहेत. प्रत्यक्षात फाइल उघडल्यावर मराठी ग्रंथनामांच्या जागी इंग्रजी अक्षरे, अवतरणचिन्हे आणि कंसांचा गुंता दिसला. नोंदी युनिकोडपूर्व फाँटमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी युनिकोड पद्धत येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये, टंकलेल्या आहेत. तो फाँट संगणकावर असेल तरच इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार दिसतात. फाइलमध्ये देवनागरी अक्षर एकही नाही.

अशा फाँटमधून युनिकोडमध्ये येताना अक्षरास अक्षर ठेवून भागत नाही. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी, दिसते तशी, व्यंजनाच्या आधी टंकलेली असते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफार उलट बाजूने सरकतो : डोळ्यांना तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर दिसतो, पण युनिकोडमध्ये त्याचा र आधी लिहावा लागतो. ‘मार्मिक’ या एका शब्दात या दोन्ही अडचणी एकत्र येतात आणि सरळ अक्षरबदल केला तर तो वाचता येत नाही. परिवर्तनाची साधने उपलब्ध आहेत, मात्र त्यांतून निघालेली प्रत्येक ओळ माणसाने वाचून तपासावी लागते. या कामासाठी स्वतंत्र मनुष्यबळ धरावे, असे अंदाजपत्रकात आजच लिहून ठेवले.

या प्रसंगाने निवडीची दिशा माझ्यापुरती तरी निश्चित केली. दादरच्या शाळेने सॉफ्टवेअर घेतले तेव्हा देवघेव, दंड, अहवाल हे सारे तपासले होते. नोंदी बाहेर कशा निघतील, एवढे मात्र कोणी विचारले नव्हते. आज ती कंपनी त्या आवृत्तीला साहाय्य देत नाही आणि कित्येक वर्षांचे टंकलेखन अडकून पडले आहे. सॉफ्टवेअर आज ना उद्या बदलावेच लागते. पुस्तकांच्या नोंदी मात्र शाळा आहे तोवर लागणार. म्हणून संपूर्ण तालिका प्रमाणित मार्क स्वरूपात, युनिकोडमध्ये, आमची आम्हाला, कोणाच्याही परवानगीवाचून बाहेर काढता आली पाहिजे, ही अट पहिल्या क्रमांकावर आणावी असे मी समितीपुढे मांडले. ते मान्य झाले.

१४ फेब्रुवारी २०२५

प्रात्यक्षिकासाठी कसोटी संच तयार केला. विक्रेते आपल्याकडील तयार नोंदी दाखवतात आणि त्या बहुतेक इंग्रजी पुस्तकांच्या असतात. त्यामुळे आपल्याच ग्रंथालयांतील सर्वांत अवघड नोंदी निवडून त्यांची फाइल प्रत्येकाला द्यायची आणि त्यांच्यावरच प्रात्यक्षिक मागायचे, असे ठरले.

संचातील पहिला गट ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ असलेल्या शब्दांचा आहे. ‘दुसऱ्या’ हा शब्द संगणकावर दोन प्रकारे साठवला जातो. एका प्रकारात नुक्त्याचा ऱ आणि हलंत असतो, इन्स्क्रिप्ट कळफलकावर तो शिफ्ट आणि जे या कळांनी येतो. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलंत आणि त्यापुढे झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारे चिन्ह असते. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. संगणकाच्या लेखी ते वेगवेगळे शब्द आहेत आणि युनिकोडच्या नॉर्मलायझेशनमध्येही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याच्या प्रक्रियेतही) ते एक होत नाहीत. परिणामी ग्रंथपालांनी एका प्रकारे टंकलेले पुस्तक विद्यार्थ्याने दुसऱ्या प्रकारे शोधले तर ‘पुस्तक उपलब्ध नाही’ असे उत्तर येते आणि पुस्तक समोरच्या कपाटात असते. ‘ॲ’चेही तसेच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीच्या नोंदींत अ आणि वरची चंद्रकोर अशी दोन चिन्हे आहेत. ‘ॲटलास’ हा शब्द शाळेच्या ग्रंथालयात किती वेळा शोधला जातो, हे भूगोलाच्या शिक्षकांना विचारावे.

दुसरा गट वर्णक्रमाचा. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल नंतर लगेच येतो, तर मराठी वर्णमालेत तो ह नंतर, क्ष आणि ज्ञ यांच्या आधी येतो. ग्रंथकारांची यादी मराठी क्रमाने लागते की तक्त्याच्या क्रमाने, हे यातून कळेल.

तिसरा गट ग्रंथकारांच्या नावांचा. ‘साने गुरुजी’ आणि ‘साने, पांडुरंग सदाशिव’, तसेच ‘कुसुमाग्रज’ आणि ‘शिरवाडकर, वि. वा.’ या नोंदी एकमेकींशी जोडलेल्या असाव्यात, आणि ‘वि. वा.’ व ‘वि.वा.’ असे जागा सोडून किंवा न सोडता लिहिले तरी शोध लागावा. चौथ्या गटात पुस्तकपेढीची पाठ्यपुस्तके, ‘किशोर’ मासिकाचे अंक, दिवाळी अंक आणि गोरेगावच्या शाळेला देणगीत मिळालेली उर्दू व गुजराती पुस्तके आहेत. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिली जात असल्याने एकाच पानावर ती मराठीशेजारी नीट दिसते का, हेही पाहायचे आहे.

२५ फेब्रुवारी २०२५

तिन्ही कंपन्यांची प्रात्यक्षिके झाली. एका कंपनीने कसोटी संच आधी घेऊनही प्रात्यक्षिकात स्वतःच्याच नोंदी दाखवल्या. त्यांचा प्रस्ताव समितीने पुढे नेला नाही. दुसऱ्या कंपनीचा देवघेवीचा भाग सुटसुटीत होता आणि अर्धवेळ ग्रंथपालांना तो मनापासून आवडला. तथापि नोंदी बाहेर काढण्यासाठी प्रत्येक वेळी कंपनीकडे लेखी मागणी करावी लागेल आणि त्याचे शुल्क वेगळे असेल, असे त्यांच्या प्रतिनिधींनी प्रामाणिकपणे सांगितले. तिसऱ्या कंपनीने ‘ऱ्य’चा प्रश्न समजून घेतला आणि पुढील आवृत्तीत तो सोडवू असे आश्वासन दिले. आश्वासनावर गुण देता येत नाहीत.

पुस्तकांना आरएफआयडी (रेडिओ लहरींनी वाचली जाणारी चिप) लावावे असा आग्रह दोघांनी धरला. शालेय ग्रंथालयात एका तासिकेत एका वर्गाची देवघेव होते. तिला बारकोड पुरेसा आहे, म्हणून हा विषय येथेच संपवला.

११ मार्च २०२५

विलेपार्ल्याच्या शाळेतील एका संगणकावर कोहा बसवून कसोटी संच त्यात भरला. शोधासाठी कोहामध्ये झेब्रा हे अनुक्रमणिका तयार करणारे इंजिन वापरता येते. त्याच्या दोन रीती आहेत आणि रोमनेतर लिप्यांसाठी आयसीयू ही रीत निवडावी लागते. ती निवडल्याशिवाय देवनागरी शोधावर मत बनवणे योग्य नाही. आयसीयूचे नियम साध्या मजकूर फाइलींत लिहिलेले असतात आणि ते बदलता येतात. ‘र, हलंत, न दिसणारे जोडचिन्ह’ आढळल्यास ते नुक्त्याच्या ऱ सारखेच धरावे, आणि ‘अ अधिक चंद्रकोर’ हे ‘ॲ’ सारखेच धरावे, असे नियम त्यात घालून अनुक्रमणिका पुन्हा बांधली. आता ‘दुसऱ्या’ आणि ‘ॲटलास’ हे शब्द दोन्ही प्रकारे टंकून शोधले तरी पुस्तक सापडते. वर्णक्रमासाठीही भाषा मराठी ठेवता येते. ळ जागेवर आला.

हे काम तंत्रज्ञाने केले, ते आम्हा ग्रंथपालांपैकी कोणाला जमले नसते, आणि हे अहवालात स्पष्ट लिहिले पाहिजे. फरक एवढाच की येथे दुरुस्ती करणे शक्य होते. दोष सापडला, कारण कळले, नियम लिहिला आणि तो उद्या दुसऱ्या तंत्रज्ञालाही वाचता येईल.

नोंदी टंकताना मात्र एकच लेखन वापरायचे ठरले. शोध दोन्ही प्रकारे लागतो म्हणून टंकलेखनात सैलपणा नको. सातही ठिकाणी इन्स्क्रिप्ट कळफलक आणि नुक्त्याचा ऱ हे नियमपुस्तिकेत घातले आहे.

२० मार्च २०२५

तयार नोंदी बाहेरून आणण्याची सोय तपासली. झेड ३९.५० या संकेताद्वारे अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या तालिकेतून नोंद आणता येते आणि तेथे मराठी पुस्तके बरीच आहेत. मात्र आणलेल्या नोंदींत ग्रंथनाम अनेकदा रोमन लिप्यंतरात, अक्षरांवर-खाली खुणा देऊन लिहिलेले असते. इंग्रजी पुस्तकांसाठी ही सोय फार उपयोगी ठरेल. मराठीसाठी वर्गांक (विषयानुसार दिलेला अंक) आणि पृष्ठसंख्या मिळते, परंतु ग्रंथनाम व ग्रंथकर्ता देवनागरीत नव्याने टंकावेच लागतात. जुन्या मराठी पुस्तकांवर आयएसबीएन हा आंतरराष्ट्रीय पुस्तक क्रमांक नसतो, त्यामुळे ती शोधून आणणेही कठीण जाते. म्हणून सातही शाळांनी एकमेकांच्या नोंदी वापराव्यात : एका पुस्तकाची नोंद एकदाच पूर्ण व नीट करायची आणि बाकीच्या शाळांनी तिला आपापल्या प्रती जोडायच्या. एकच प्रणाली घेण्याचा मोठा लाभ माझ्या मते हाच आहे. परळच्या बाईंना तालिकीकरण करावेच लागणार नाही, त्या फक्त प्रत जोडतील.

वर्गीकरणावर बराच वेळ गेला. ड्यूई दशांश पद्धतीत मराठी साहित्याला ८९१.४६ हा अंक आहे. कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२ आणि कथा-कादंबरी ८९१.४६३. शाळेतील निम्म्याहून अधिक कपाटे या एका शेवटच्या अंकाखाली जातात आणि तिसरीच्या मुलाला त्याचा काही उपयोग नसतो. वर्गांक ड्यूईचाच ठेवावा आणि त्याच्या जोडीला वयोगटानुसार संग्रहाचे नाव व पाठपट्टीचा रंग द्यावा, असे ठरले. कोहामध्ये प्रत्येक प्रतीला असे संग्रहनाम देता येते आणि त्यावरून शोधही मर्यादित करता येतो.

३ एप्रिल २०२५

सर्व्हर कोठे ठेवायचा यावर सचिव, दादरचे मुख्याध्यापक आणि लेखापाल यांच्यासह चर्चा झाली. शाळेतच सर्व्हर ठेवावा, म्हणजे मासिक खर्च लागणार नाही, असे लेखापालांचे म्हणणे होते. मी त्यास विरोध केला. दादर-परळचा सखल भाग पावसाळ्यात तुंबतो आणि तेथील दोन्ही शाळांचे संगणक कक्ष तळमजल्यावर आहेत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटांचे काय झाले हे मुंबईतल्या कोणत्याही ग्रंथपालाला विचारता येईल. शिवाय शाळेतील सर्व्हर बंद पडला तर सुट्टीच्या दिवशी तो सुरू करणार कोण?

अखेर भारतातील डेटा सेंटरमध्ये भाड्याने सर्व्हर घ्यावा, रोजचा बॅकअप तेथे आणि आठवड्याचा बॅकअप संस्थेच्या कार्यालयात असावा, असे मान्य झाले. इंटरनेट बंद असताना झालेली देवघेव फाइलमध्ये साठवून नंतर प्रणालीत चढवण्याची सोय कोहामध्ये आहे. घाटकोपरला तिची गरज पडेल.

मुक्त स्रोत म्हणजे फुकट, हा समजही आज दूर करावा लागला. परवान्याचे पैसे लागत नाहीत. सर्व्हरचे भाडे, वार्षिक देखभाल करार, बारकोडचे स्टिकर आणि स्कॅनर, प्रशिक्षण आणि सर्वांत मोठा म्हणजे नोंदी टंकण्याचा व तपासण्याचा खर्च लागतोच. व्यापारी प्रणाली घेतली असती तरी हा शेवटचा खर्च तेवढाच आला असता.

११ एप्रिल २०२५

विद्यार्थ्यांच्या माहितीचा विषय. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती अपेक्षित आहे. सदस्यनोंदीत नाव, इयत्ता, तुकडी आणि हजेरी क्रमांक एवढेच ठेवायचे, आधार क्रमांक, जात, पत्ता व पालकांचे उत्पन्न यांपैकी काहीही घ्यायचे नाही, असे ठरले. मुलाने कोणती पुस्तके वाचली हा तपशील पुस्तक परत आल्यानंतर त्याच्या नावापासून तोडून टाकण्याची व्यवस्था कोहामध्ये आहे, ती वर्षाअखेर चालवायची. एका मुख्याध्यापिका बाईंनी वाचनाचा इतिहास प्रगतिपुस्तकासाठी मागितला. ‘कोण किती वाचतो’ यावर गुण द्यायला लागलो तर मुले गुणांसाठी पातळ पुस्तके नेतील, असे दोन ग्रंथपालांनी सांगितले आणि बाईंनी मागणी मागे घेतली.

२४ एप्रिल २०२५

समितीने एकमताने कोहाची शिफारस केली. शिफारशीसोबत चार अटी जोडल्या आहेत. देखभाल करणाऱ्या कंपनीने संपूर्ण तालिका व सदस्यनोंदी मागितल्या क्षणी मार्क व तक्ता स्वरूपात द्याव्यात आणि सर्व्हरचा मुख्य पासवर्ड संस्थेकडेही असावा. आयसीयूच्या नियमांत केलेले बदल लेखी स्वरूपात संस्थेच्या ताब्यात असावेत. नवी आवृत्ती शालेय सत्राच्या मध्यात बसवू नये, ती उन्हाळ्याच्या सुट्टीत बसवावी. आणि दादरच्या नोंदींचे परिवर्तन ग्रंथपालांनी ओळ न् ओळ तपासल्याशिवाय स्वीकारू नये.

व्यापारी प्रणालींपैकी दुसऱ्या क्रमांकाच्या प्रणालीचा देवघेवीचा पडदा अधिक सोपा होता, हे टिपणात नमूद केले आहे. कोहाच्या पडद्याबद्दलची अर्धवेळ ग्रंथपालांची नापसंती मी गांभीर्याने घेतो. त्यासाठी कोहाच्या पडद्यावरील नको असलेले भाग लपवून ‘द्या’, ‘घ्या’ आणि ‘शोधा’ एवढेच समोर ठेवावे, असे काम तंत्रज्ञाला दिले आहे.

१५ मे २०२५

मंडळाची मान्यता मिळाली. सुट्टीत दादर व विलेपार्ले येथील काम सुरू आहे. दादरच्या परिवर्तित नोंदी वाचताना रफाराच्या चुका अपेक्षेपेक्षा कमी आणि ‘ष’ व ‘श’ यांच्या चुका अधिक निघाल्या. मूळ टंकलेखनातच त्या होत्या. पुस्तक हाती घेऊन शीर्षकपृष्ठ पाहिल्याशिवाय त्या दुरुस्त करायच्या नाहीत, अशी सूचना दिली आहे.

दिवाळी अंकांचा निर्णय आज घेतला. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा आहे आणि आपल्या शाळांतील शिक्षक ते अंक वर्षभर नेतात. त्यांची नोंद नियतकालिक म्हणून करावी की पुस्तक म्हणून, यावर मतभेद होते. प्रत्येक दिवाळी अंक पुस्तक धरला तर त्याच नावाच्या नोंदी दरवर्षी वाढत जातात. नियतकालिकाच्या एकाच नोंदीखाली प्रत्येक वर्षाचा अंक ही स्वतंत्र प्रत धरावी आणि प्रतीच्या तपशिलात वर्ष लिहावे, हा मार्ग स्वीकारला. १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकालाही तोच नियम लावला आहे. पुस्तकपेढीसाठी वेगळा साहित्यप्रकार करून परतीची तारीख सर्वांना एकच, सत्राच्या अखेरची, अशी बसवली. दंड कोठेही आकारायचा नाही.

प्रतीची नोंद करताना शेऱ्याचा जुना रकाना कोठे जातो, याचीही व्यवस्था झाली. ‘बाद’ आणि ‘हरवले’ हे प्रतीच्या स्थितीत, आणि ‘बांधणीस दिले’, ‘अमुक यांच्या स्मरणार्थ देणगी’ यांसारखा मजकूर प्रतीच्या टिपेत, मूळ शब्दांत. देणगीदारांची नावे वाचकांनाही दिसतील अशी ठेवली आहेत.

२४ जून २०२५

१६ जूनला शाळा उघडल्या आणि दादर व विलेपार्ले येथे पाचवी ते आठवीच्या वर्गांची देवघेव नव्या प्रणालीवर सुरू झाली. दादरला सहावीच्या एका तासिकेला मी उपस्थित होतो. शोधाच्या संगणकावर मुलांनी पहिल्यांदा टंकलेले शब्द असे होते : ‘भुत’, ‘क्रिकेट’, ‘डायनासोर’, ‘विनोदी’. ‘भुत’ ऱ्हस्व उकाराने लिहिल्यामुळे काहीच आले नाही आणि मुलगा बाकावर परत गेला. बाईंनी त्याला दीर्घ उकार दाखवला तेव्हा यादी आली. ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही धरून शोध लावण्याचा नियम आयसीयूमध्ये लिहिता येईल. मात्र त्याने ‘दिन’ आणि ‘दीन’ एकत्र येतील. मुलांच्या शोधपानापुरता तो घालावा आणि ग्रंथपालांच्या शोधात घालू नये, असे दोन वेगळे नियम शक्य आहेत का, हे तंत्रज्ञाला विचारले आहे. शक्य नसल्यास माझे मत मुलांच्या बाजूने आहे : यादीत चार पुस्तके जास्त आली तर मूल ती चाळते, रिकामी यादी आली तर ते उठून जाते.

काल कार्यालयातील बॅकअपवरून संपूर्ण तालिका दुसऱ्या संगणकावर उभी करून पाहिली. नोंदी पूर्ण आल्या, ‘ऱ्य’सह. मार्क स्वरूपातील फाइलही वेगळी काढून सचिवांकडे सीलबंद दिली. यापुढे दर सत्राअखेर ती नव्याने द्यायची आहे.

पालकांची संमतिपत्रे विलेपार्ल्याची पूर्ण आली असून दादरच्या दोन तुकड्यांची बाकी आहेत. जुलैमध्ये परळची नोंदवही टंकण्यास घ्यायची. तेथे देणगीच्या वहीपासून सुरुवात करावी, कारण ती लहान आहे आणि बाईंना त्या पुस्तकांची माहिती आहे.